कैसर कोण? : परंपरानिष्ठ ख्रिस्ती वाचनाचे तीन प्रसंग आणि वर्धा

१

ख्रिस्ती धर्मसाहित्याविषयी मराठीत जे समीक्षालेखन झाले, ते बहुतांशी धर्मांतराच्या प्रश्नाभोवती फिरत राहिले आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७), नारायण वामन टिळकांची कविता, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ या संहितांकडे आपण वळतो तेव्हा ‘काय सोडले आणि काय स्वीकारले’ हा प्रश्न आधीच मनात असतो. त्यामुळे ख्रिस्ती लेखक आपल्या धर्मग्रंथाचे वाचन कसे करतो, कोणते वचन अक्षरशः घेतो आणि कोणते रूपक म्हणून सोडवतो, हा शुद्ध समीक्षेचा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा मागे पडलेला प्रश्न आहे.

‘परंपरानिष्ठ ख्रिस्ती दृष्टिकोन’ असे आपण म्हणतो तेव्हा तीन गोष्टी एकत्र गृहीत धरलेल्या असतात. पहिली, धर्मग्रंथाच्या शब्दावर निष्ठा असलेला माणूस निसर्गविज्ञानाला विरोध करील. दुसरी, तो प्रस्थापित राजसत्तेच्या बाजूने उभा राहील. तिसरी, तारणाचा मार्ग एकच आहे असे तो मानील आणि म्हणून इतर धर्मांविषयी तो असहिष्णू असेल. या तिन्ही गोष्टींची एक जुडी बांधण्याची सवय आपल्याला मुख्यतः अमेरिकेतील वादांनी लावली. १९१० ते १९१५ या काळात तेथे ‘द फंडामेंटल्स’ या नावाने निबंधमाला निघाली आणि तिच्यापासून पुढे ‘मूलतत्त्ववाद’ हा शब्द रूढ झाला. १९२५ साली टेनेसी राज्यात उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला आणि विज्ञान विरुद्ध धर्म हे चित्र वृत्तपत्रांनी जगभर पोहोचविले. मात्र त्या निबंधमालेतील जेम्स ऑर किंवा जॉर्ज फ्रेडरिक राइट यांच्यासारखे लेखक पृथ्वीचे वय कोट्यवधी वर्षांचे असू शकते हे मान्य करीत होते. सहा दिवसांची निर्मिती आणि जलप्रलय यांवर सारी भूशास्त्रीय मांडणी उभारणारा पंथ व्यापक झाला तो १९६१ साली ‘द जेनेसिस फ्लड’ हा ग्रंथ निघाल्यानंतर. म्हणजे ज्याला आपण ‘परंपरा’ म्हणतो तिचा हा भाग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे.

ही जुडी सोडवून पाहण्यासाठी वर्धा आणि तिचा परिसर यांच्याइतके सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल. वर्धा म्हटले की सेवाग्राम आणि पवनार आठवतात, मिशनचे नाव सहसा निघत नाही. परंतु दगड, राज्य आणि तारण यांविषयीची तीन ख्रिस्ती वाचने या मातीशी निगडित आहेत. एक आहे स्टीफन हिस्लॉप यांचे. दुसरे जे. सी. कुमारप्पा आणि कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांच्यातील वादाचे. तिसरे एस. के. जॉर्ज यांचे. या तिन्हींत परंपरानिष्ठ कोण आणि उदार कोण, हे आरंभी वाटते तितके सरळ नाही.

२

वर्धा जिल्हा नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला तो १८६२ मध्ये. त्याआधीची सतरा वर्षे या भागात स्टीफन हिस्लॉप पायी आणि घोड्यावरून हिंडत होते. १८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले ते ‘फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड’चे मिशनरी म्हणून. हे चर्च १८४३ मध्ये प्रस्थापित चर्चमधून फुटून निघाले होते आणि सिद्धान्ताच्या बाबतीत ते कमालीचे कर्मठ होते. मूळ पाप, पूर्वनियोजन, शास्त्रवचनाचे सर्वोच्च प्रामाण्य यांपैकी एकाही मुद्द्यावर तडजोड करण्याची त्याची तयारी नव्हती.

अशा माणसाने विदर्भातील खडकांत काय पाहावे? हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसराच्या भूस्तरांवर आणि जीवाश्मांवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र परिषदेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या गाळाच्या पट्ट्यांत गोड्या पाण्यातील शंखशिंपले आणि वनस्पतींचे अवशेष आहेत, म्हणजे एका लाव्हाच्या लोटानंतर दुसरा येईपर्यंत येथे तळी होती, जीवसृष्टी होती, हे त्यांनी दाखवून दिले. वर्धा खोऱ्यातील मांगली येथील वालुकाश्मात त्यांना एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. तिला रिचर्ड ओवेन यांनी ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. दख्खनच्या कातळाचे वय आज साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास धरले जाते. हिस्लॉप यांच्यापाशी हा आकडा नव्हता. पण थरावर थर साचायला अफाट काळ लागला असला पाहिजे, हे त्यांच्या मांडणीत गृहीतच आहे.

यामुळे त्यांची श्रद्धा डळमळली, असे दिसत नाही. आणि याचे कारण त्यांनी श्रद्धा एका कप्प्यात व विज्ञान दुसऱ्या कप्प्यात ठेवले, हेही नव्हे. फ्री चर्चच्या परंपरेत ‘उत्पत्ती’च्या वाचनाची एक पद्धत आधीच तयार होती. थॉमस चामर्स यांनी पहिल्या आणि दुसऱ्या वचनांच्या मध्ये अमर्याद कालावधी मानण्यास वाव दिला होता. ह्यू मिलर यांनी ‘द टेस्टिमनी ऑफ द रॉक्स’ (१८५७) या ग्रंथात निर्मितीचे ‘दिवस’ ही दीर्घ युगे आहेत अशी मांडणी केली. मिलर फ्री चर्चच्या मुखपत्राचे संपादक होते आणि पेशाने आरंभी पाथरवट. ईश्वराने दोन ग्रंथ लिहिले, एक शास्त्राचा व दुसरा सृष्टीचा, आणि दोहोंचा लेखक एकच असल्याने विसंगती दिसली तर ती आपल्या वाचनात आहे, ही त्यांची धारणा होती. या धारणेत एक समीक्षातत्त्व दडलेले आहे. संहितेचे प्रामाण्य आणि अन्वयाचे प्रामाण्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संहिता अचल ठेवूनही अन्वय हलविता येतो.

याच वाचनसवयीचे दुसरे फळ अधिक महत्त्वाचे आहे. हिस्लॉप यांनी गोंडांचे लिंगोचे दीर्घ गीत प्रधानाच्या तोंडून मिळवून नोंदविले. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे जे कागद संपादित करून छापले, त्यांत हे गीत गोंडी मूळ आणि इंग्रजी भाषांतर यांसह आहे. गोंडांचे देव खोटे आहेत, याविषयी या मिशनऱ्याच्या मनात शंका नव्हती. तरीही ‘खोट्या’ देवांची कथा त्याने मूळ शब्दांत राखली. परंपरानिष्ठ ख्रिस्ती मनाची शब्दनिष्ठा येथे स्वतःच्या सिद्धान्ताच्या विरुद्ध जाऊन काम करताना दिसते. आशय पटो वा न पटो, शब्द बदलायचा नाही, ही शिस्त ज्याला बायबलने लावली, त्याने ती खडकाला आणि गोंडी गीतालाही लावली. मराठीत याचे समांतर उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून त्यांनी केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हिंदू धर्मसंकेतांनी भारलेले शब्द टाळण्याचा त्यांचा आग्रह इतका कडक होता की भाषेचा ओघ तुटला तरी त्यांना चालले. या आग्रहाला आपण सहसा ‘कर्मठपणा’ म्हणून मोकळे होतो. त्यामागे शब्दाविषयीचे एक तत्त्वज्ञान आहे, हे पाहत नाही.

हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या पुरात वाहून गेले. हे ठिकाण आजच्या वर्धा जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. त्यांची गोष्ट सांगताना एक बाब वगळता कामा नये. नागपूरच्या कारभारातील अनागोंदीवर त्यांनी वृत्तपत्रांतून टीका केली होती, पण राज्य इंग्रजांचे असावे की नसावे हा प्रश्न त्यांना पडला नाही. सुशासनाची मागणी म्हणजे स्वराज्याची मागणी नव्हे. या मर्यादेतूनच दुसरा प्रसंग उभा राहतो.

३

शुभवर्तमानातील एक प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. कर द्यावा की न द्यावा, असा पेच घालून येशूला अडकविण्याचा प्रयत्न होतो. तो नाणे मागवितो, त्यावर मुद्रा कोणाची आहे असे विचारतो आणि कैसराचे जे असेल ते कैसराला व देवाचे जे असेल ते देवाला द्यावे, अशा आशयाचे उत्तर देतो. राज्यसत्तेविषयीच्या साऱ्या ख्रिस्ती चर्चेत हे वचन आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय हे दोन आधारस्तंभ ठरले आहेत.

हे वचन भारतीय वाचकासमोर आले ते एका विलक्षण शब्दाच्या सोबतीने. मराठी बायबलात रोमच्या सम्राटासाठी ‘कैसर’ हा शब्द आहे. १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीने भारताची सम्राज्ञी म्हणून जी पदवी घेतली, तिचे देशी रूप ‘कैसर-ए-हिंद’ असे होते. याच नावाचे पदक सरकार लोकसेवेसाठी देत असे. गांधींना ते मिळाले होते आणि १९२० मध्ये त्यांनी ते परत केले. रमाबाईंना ते १९१९ मध्ये मिळाले. तेव्हा इंग्रजी वाचकाला ‘सीझर’ हा इतिहासजमा सम्राट वाटू शकतो, पण मराठी वाचकाच्या दृष्टीने ‘कैसर’ गादीवर बसलेला होता आणि ज्या नाण्यावर मुद्रा पाहायची तो राणीछाप रुपया त्याच्या कनवटीला होता. भाषांतराने येथे संहितेतील अंतर पुसून टाकले. ‘कैसराचे ते कोणते?’ हा प्रश्न भारतीय ख्रिस्ती माणसासाठी अक्षरार्थाने राजकीय झाला.

१९३० मध्ये हा प्रश्न उघड उभा राहिला. त्या वर्षीच्या मार्च महिन्याच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १ मार्चला भारतातील अँग्लिकन चर्च कायद्याने इंग्लंडच्या चर्चपासून वेगळे होऊन स्वायत्त झाले आणि १२ मार्चला गांधी साबरमतीहून दांडीकडे निघाले. या स्वायत्त चर्चचे प्रमुख, म्हणजे भारत, ब्रह्मदेश व सिलोनचे मेट्रोपॉलिटन, फॉस वेस्टकॉट होते. सविनय कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी सुसंगत नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. कुमारप्पांनी ख्रिस्ती कार्यकर्त्यांना या चळवळीविषयी आवाहन केले होते. त्यातून उभयतांत पत्रव्यवहार झाला आणि कुमारप्पांनी बिशपांचे म्हणणे येशूच्याच चरित्राच्या आधारे खोडून काढण्याचा प्रयत्न केला.

या वादाचे दोन पक्ष आपण सहज ‘परंपरानिष्ठ’ आणि ‘पुरोगामी’ असे रंगवू. परंतु वंशवेल पाहिली की रंग मिसळतात. फॉस वेस्टकॉट हे ब्रूक फॉस वेस्टकॉट यांचे चिरंजीव. या पित्याने हॉर्ट यांच्या साहाय्याने १८८१ मध्ये ग्रीक नव्या कराराची चिकित्सक संहिता सिद्ध केली. रूढ पाठ बाजूला सारून हस्तलिखितांच्या तौलनिक साक्षीवर पाठनिश्चिती करणारे ते युगप्रवर्तक काम होते आणि कट्टर शब्दनिष्ठांचा त्यावर आजही रोष आहे. शिवाय ते ‘ख्रिश्चन सोशल युनियन’चे पहिले अध्यक्ष होते. म्हणजे ज्या घराण्याने संहितेचा प्रत्येक शब्द चिकित्सेला खुला केला, त्याच घराण्यातील बिशपांना कायदेभंगाच्या वेळी एका शब्दाचा अर्थ मात्र चिकित्सेपलीकडचा वाटला. तो शब्द ‘कैसर’ होय.

उलट हिस्लॉप यांच्या फ्री चर्चचा जन्मच न्यायालयाच्या आज्ञा नाकारण्यातून झाला होता. धर्मोपदेशकाच्या नेमणुकीत जमीनदाराचा आणि दिवाणी न्यायालयाचा अधिकार आम्ही मानणार नाही, असे म्हणत शेकडो धर्मोपदेशकांनी १८४३ मध्ये घर आणि वेतन सोडले. देवाचे ते कैसराने मागितले तर नकार द्यावा, हा त्या वचनाचा दुसरा अर्धा भाग त्यांनी अक्षरशः घेतला होता. सिद्धान्तात कर्मठ असलेल्यांपाशी कायदा मोडण्याची स्मृती होती. चिकित्सेत उदार असलेल्यांपाशी ती नव्हती. तेव्हा संहितेविषयीची भूमिका आणि सत्तेविषयीची भूमिका यांचा कार्यकारणसंबंध आपण समजतो तसा नाही. सत्तेविषयीची भूमिका ठरते ती वाचक कोणत्या संस्थेच्या आत उभा राहून वाचतो यावरून. भारतातील चर्च कायद्याने स्वायत्त झाले तरी सरकारी धर्मखाते आणि त्याचे वेतनधारी चॅपलेन कायम होते. कुमारप्पा त्या चर्चचेच सभासद, पण संस्थेच्या पगारी व्यूहाबाहेरचे.

कुमारप्पांच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ते धर्मशास्त्री नव्हते. लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस आणि कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्या हाताखाली सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केलेले अर्थशास्त्रज्ञ होते. नाण्याचा प्रसंग हा मुळात कराविषयीचा आहे आणि मिठाचा सत्याग्रहही कराविषयीचाच. धर्मशास्त्र्याला त्या वचनात ‘दोन राज्यांचा’ सिद्धान्त दिसतो. सार्वजनिक वित्ताच्या अभ्यासकाला त्यात हिशेब दिसणे स्वाभाविक आहे. कराच्या रूपाने कोणाकडून किती घेतले आणि ते कोणाच्या कामी आले, हा प्रश्न विचारल्यावर ‘कैसराचे ते’ ही वस्तू ठरावीक राहत नाही. ती मोजावी लागते.

४

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे मंत्री म्हणून कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत आले. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, वनस्पती तेलावर जळणारा मगनदिवा यांच्या प्रयोगांत त्यांची पुढची वर्षे गेली. १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडले. बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या तुरुंगवासात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ आणि ‘प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस’ हे दोन ग्रंथ लिहिले. दोन्ही १९४५ मध्ये निघाले. पहिल्यासाठी ‘ग्रामोद्योगाचे डॉक्टर’ आणि दुसऱ्यासाठी ‘डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी’ अशा पदव्या गांधींनी त्यांना विनोदाने बहाल केल्या. त्या विनोदात एक अचूक निरीक्षण आहे. हे दोन ग्रंथ एकाच मांडणीचे दोन भाग आहेत आणि ते सुटे वाचल्यामुळे आपण दोन्ही अर्धे वाचतो. अर्थशास्त्राचे अभ्यासक पहिला घेतात, धर्माचे अभ्यासक दुसरा.

दुसऱ्या ग्रंथाच्या नावातच ‘आचरण’ हा शब्द ‘उपदेशा’च्या आधी आला आहे. येशू काय होता यापेक्षा येशूने काय केले, हे कुमारप्पांना महत्त्वाचे वाटते. देवत्व, त्रैक्य, प्रायश्चित्त या सिद्धान्तांत त्यांना रस नाही. यावरून त्यांना उदारमतवादी ठरविणे सोपे आहे. मात्र वाचनपद्धतीच्या दृष्टीने ते अत्यंत अक्षरनिष्ठ आहेत. डोंगरावरील प्रवचन हे अप्राप्य आदर्शाचे वर्णन आहे, ते केवळ अंतःकरणासाठी आहे, व्यवहारासाठी नाही, अशा पळवाटा चर्चच्या भाष्यकारांनी शतकानुशतके काढल्या. कुमारप्पा त्या नाकारतात. शत्रूवर प्रीती करा म्हणजे शत्रूवर प्रीती करा. ‘उत्पत्ती’च्या बाबतीत अक्षरार्थ सोडणारा हिस्लॉप सिद्धान्तात कर्मठ राहतो आणि सिद्धान्त सोडणारा कुमारप्पा प्रवचनाच्या बाबतीत अक्षरार्थाला चिकटतो. शब्दनिष्ठा सर्वत्र सारखी लागू करणारा वाचक या साऱ्या प्रकरणात कोठेच आढळत नाही. प्रत्येक जण कोठे अक्षर घ्यायचे याची निवड करतो आणि ती निवडच त्याचे खरे भाष्य असते.

‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ मध्ये निसर्ग हाच धर्मग्रंथ झाला आहे. परोपजीवी अवस्थेपासून सेवेच्या अवस्थेपर्यंत अर्थव्यवस्थेच्या पायऱ्या कुमारप्पा मांडतात आणि त्यांचे दाखले प्राण्यांच्या जीवनातून देतात. समूहासाठी साठविणारी मधमाशी, पिलांना भरविणारे पाखरू हे त्यांचे आदर्श आहेत. निसर्गाच्या चक्राला धरून चालणारी व्यवस्था चिरंतन, ते चक्र तोडणारी क्षणभंगुर, हे सूत्र पर्यावरणाच्या आजच्या चर्चेला अगदी जवळचे वाटते आणि म्हणून अलीकडे या ग्रंथाला नवे वाचक मिळाले आहेत. पण हे वाचक एक गोष्ट डोळ्याआड करतात. ही मांडणी एकोणिसाव्या शतकातील निसर्गाधिष्ठित ईश्वरविद्येची थेट वारसदार आहे. सृष्टीत हेतू आहे, तो वाचता येतो आणि त्यातून आचारधर्म निघतो, ही तिची तीन गृहीतके आहेत. डार्विननंतर यांतले पहिलेच गृहीतक वादग्रस्त झाले. कुमारप्पा त्या वादात उतरत नाहीत. ते एवढेच करतात की प्राणिसृष्टीची नैतिक उतरंड लावतात आणि माणसाने वरच्या पायरीकडे जावे असे सांगतात. मात्र परोपजीवी जीवही मधमाशीइतकाच निसर्गातला आहे. तो ‘खालचा’ ठरतो तो निसर्गाच्या साक्षीने नव्हे, डोंगरावरील प्रवचनाच्या साक्षीने. म्हणजे एका ग्रंथाचा अर्थ दुसऱ्या ग्रंथात आधीच भरला जातो आणि मग तो तेथे ‘सापडतो’.

हा दोष दाखविणे म्हणजे कुमारप्पांचे अर्थकारण मोडीत काढणे नव्हे. घाणीच्या तेलाचा आणि हातसडीच्या तांदळाचा त्यांनी केलेला पुरस्कार हिशेबाने तपासता येतो. प्रश्न त्यांच्या रूपकाचा आहे. निसर्गातून समाजाची उतरंड वाचण्याची जी सवय आहे, तिचा उपयोग या देशात दुसऱ्याही कामांसाठी झाला आहे. ‘प्रत्येकाची जागा सृष्टीनेच ठरविली’ असे म्हणणारी भाषा जातिव्यवस्थेच्या समर्थनाची जुनी भाषा आहे. कुमारप्पांचा उद्देश त्याच्या नेमका उलट होता यात संशय नाही. तरी त्यांचे रूपक त्या भाषेपासून स्वतःचे रक्षण करू शकत नाही. या ठिकाणी एका कडव्या परंपरानिष्ठाची आठवण ठेवणे उपयुक्त ठरते. कार्ल बार्थ यांनी १९३४ मध्ये निसर्गाधिष्ठित ईश्वरविद्येला ठाम ‘नाही’ म्हटले, ते जर्मन वंश आणि भूमी यांत ईश्वरी आज्ञा वाचणाऱ्या ‘जर्मन ख्रिश्चनां’ची वाट अडविण्यासाठीही होते. त्याच वर्षीच्या बार्मेनच्या घोषणेने हिटलरच्या राज्यात चर्चच्या प्रतिकाराला शब्द दिले. प्रकटीकरण फक्त ख्रिस्तातच आहे, हा संकुचित वाटणारा सिद्धान्त तेथे स्वातंत्र्याची ढाल झाला.

५

आणि तोच सिद्धान्त भारतात आला तेव्हा भिंत झाला. १९३८ च्या डिसेंबरात मद्रासजवळ तांबरम येथे आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली. तिच्यासाठी हेन्ड्रिक क्रेमर यांनी लिहिलेल्या ग्रंथात बायबलातील प्रकटीकरण आणि इतर धर्म यांच्यात सातत्य नसून खंड आहे, अशी बार्थशी नाते सांगणारी मांडणी होती. परिषदेचे अध्यक्ष जॉन मॉट हे १९३६ मध्ये सेगावला येऊन गांधींशी धर्मांतराविषयी सविस्तर बोलले होते. तांबरमच्या सुमारास ते पुन्हा आले. ज्याचे पुढे ‘सेवाग्राम’ झाले त्या खेड्यातील या संवादांत दोन वाचने समोरासमोर होती. एकाच्या मते शुभवर्तमान सांगणे हे ख्रिस्ती माणसाचे टाळता न येणारे कर्तव्य, दुसऱ्याच्या मते गुलाबाला आपला सुगंध सांगावा लागत नाही, तसा धर्म जगून दाखवावा, सांगू नये.

एस. के. जॉर्ज यांची गोष्ट या दोन वाचनांच्या मधली आहे. केरळातील सुरियानी ख्रिस्ती घराण्यातून आलेले जॉर्ज कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात शिकवीत होते. कायदेभंगाविषयी मेट्रोपॉलिटन वेस्टकॉट यांची भूमिका त्यांना मान्य झाली नाही आणि १९३२ मध्ये त्यांनी ती जागा सोडली. ‘गांधीज चॅलेंज टु ख्रिश्चॅनिटी’ (१९३९) या त्यांच्या पुस्तकाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, क्रुसाचा मार्ग राजकारणात खरोखर चालून दाखविणारा माणूस चर्चच्या बाहेरचा आहे आणि म्हणून चर्चने आपल्या अनन्यतेच्या दाव्याचा फेरविचार करावा. तांबरमच्या पाठोपाठ निघालेले हे पुस्तक क्रेमर यांच्या ‘खंडा’च्या सिद्धान्तासमोर एक जिवंत प्रतिउदाहरण ठेवते. पुढे जॉर्ज वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

१९५४ मध्ये तत्कालीन मध्यप्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीवरील ख्रिस्ती सदस्य होते एस. के. जॉर्ज. १९५६ चा अहवाल प्रसिद्धच आहे. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य उद्देश आहे अशा परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा आणि अवैध मार्गांनी होणाऱ्या धर्मांतराला कायद्याने आळा घालावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. मिशनच्या गोटात जॉर्ज यांच्याकडे घरभेद्या म्हणून पाहिले गेले असल्यास नवल नाही. तो न्याय वरवरचा आहे. त्यांच्या विचारांतील सुसंगती स्पष्ट दिसते. जो १९३२ मध्ये साम्राज्याशी हातमिळवणी केलेल्या चर्चला नकार देतो, तो १९५६ मध्ये परदेशी पैशावर चालणाऱ्या मिशनलाही नकार देणार.

तरीही येथे एक पेच आहे आणि तो वैयक्तिक निष्ठेचा नाही, अर्थनिर्णयनाचा आहे. खरे धर्मांतर कोणते आणि खोटे कोणते, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? परंपरानिष्ठ मिशनरी म्हणतो, तो माझ्या शास्त्राचा. गांधींचे उत्तर आहे, तो ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा. अहवाल मात्र हा अधिकार व्यवहारात राज्याकडे सोपवितो. अंतःकरणातील बदलाची शुद्धता दंडाधिकाऱ्याने तपासायची झाल्यास जे देवाचे म्हणून राखून ठेवले होते ते कैसराच्या हाती जाते. १९३० मध्ये कैसराची मर्यादा आखण्यासाठी ज्या परंपरेने आपले चर्च सोडले, तिनेच पाव शतकानंतर कैसराला गाभाऱ्यात बोलाविले. राज्य आता आपले होते, एवढाच फरक. मध्यप्रदेशात १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविताना धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही असा निर्णय दिला. तोवर वर्धा महाराष्ट्रात आलेला होता. अहवालावर वर्ध्याच्या प्राध्यापकाची सही असली, तरी त्या कायद्याच्या कक्षेत वर्धा आला नाही.

या पेचावरचे सर्वांत बोलके भाष्य मात्र कोणत्याच ख्रिस्ती संहितेत नाही. अहवाल सादर झाला त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्या सोहळ्यात धम्म स्वीकारणाऱ्यांत नियोगी हेही होते. सामूहिक धर्मांतरांकडे संशयाने पाहणाऱ्या समितीचा अध्यक्ष सहा महिन्यांत एका महान सामूहिक धर्मांतरात सामील होतो, याचा अर्थ त्याने स्वतःला खोडले असा करण्याचे कारण नाही. अर्थ एवढाच की धर्मांतराचे जे वर्गीकरण अहवालाच्या भाषेत नेटके वाटत होते, ते इतिहासाच्या भाषेत तसे राहिले नाही. सामाजिक मुक्तीची इच्छा हा ‘आध्यात्मिक’ हेतू की ‘ऐहिक’? अहवालापाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण त्याच्या शब्दसंग्रहात या दोन हेतूंच्या मध्ये जागाच नव्हती. गंमत अशी की ऐहिक आणि आध्यात्मिक यांची हीच फाळणी वेस्टकॉट यांच्या भूमिकेच्याही तळाशी होती.

६

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. ‘परंपरानिष्ठ’ हे विशेषण वाचकाला लावण्याऐवजी त्याच्या एकेका वाचनाला लावले पाहिजे. हिस्लॉप दगडाच्या बाबतीत मोकळे, तारणाच्या बाबतीत कर्मठ, राज्याच्या बाबतीत सुधारणावादी आहेत. वेस्टकॉट संहितेच्या चिकित्सेच्या घराण्यातले आणि राज्याच्या बाबतीत स्थितिवादी आहेत. कुमारप्पा राज्याच्या बाबतीत बंडखोर, प्रवचनाच्या बाबतीत अक्षरनिष्ठ आणि निसर्गाच्या बाबतीत डार्विनपूर्व आहेत. जॉर्ज तारणाच्या बाबतीत सर्वांत उदार आणि तरीही राज्याला सर्वाधिक अधिकार देणाऱ्या अहवालाचे सहीकर्ते आहेत. या चौघांना एका रेषेवर उजवीकडून डावीकडे मांडता येत नाही.

दुसरा मुद्दा मराठी समीक्षेच्या पद्धतीचा आहे. वर्ध्यात सिद्ध झालेला हा विचार मुख्यतः इंग्रजीत लिहिला गेल्याने आपण तो मराठी वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेर ठेवला. पण ज्या क्षणी ‘सीझर’चा ‘कैसर’ झाला त्या क्षणी हा वाद मराठी भाषेच्या आत आला होता. पदमनजी, टिळक, रमाबाई यांच्या संहिता वाचताना त्यांनी कोणता शब्द अक्षरशः ठेवला, कोणता वळविला आणि ती निवड करताना ते कोणत्या संस्थेच्या आत किंवा बाहेर उभे होते, हे तपासण्याचे काम बरेचसे शिल्लक आहे. त्यासाठी मराठी बायबलाच्या निरनिराळ्या आवृत्त्या, मिशनची मासिके आणि मगनवाडीतून निघालेली ग्रामोद्योगाची पत्रिका एका टेबलावर ठेवून वाचाव्या लागतील. आज त्या तीन वेगळ्या विभागांच्या कपाटांत आहेत.